तीन दगडांची खूण

ते प्रकरण आठवले की मला आधी वास येतो. मोहाच्या फुलांचा, गोड आणि डोके थोडे जड करणारा. माणसे, कागद, वर्दी हे सगळे त्याच्या मागून येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. पण निवृत्तीनंतर दुपारी जरा डोळा लागला की जे परत परत दिसते ते हेच प्रकरण, आणि यात ना खून होता ना दरोडा. गुन्हा म्हणावा असा एकच घडला, तो माझ्या हातून, आणि तो कोणत्याही रजिस्टरला लागला नाही. नावे कोणाचीच देत नाही, कारण त्यातल्या काहींची घरे अजून तिथेच आहेत.

सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षे. नागपूरच्या उत्तरेला शेते संपून साग आणि मोहाचे रान जिथे सुरू होते, तिथल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. ठाणे म्हणजे तीन कौलारू खोल्या, एक कोठडी आणि मनात आले तरच बोलणारा वायरलेस सेट. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग बीटवरून आलेल्यांचे तेच ते अहवाल. मी नागपूर शहरात हातमागाच्या खटखटाटात वाढलेला. जंगलातले झाड म्हणजे झाड, एवढेच मला कळत असे. माझा जमादार मात्र त्याच भागातला होता. तो माझ्या हुकमाला 'जी साहेब' म्हणायचा आणि मग स्वतःला योग्य वाटेल तेच करायचा, आणि बहुतेक वेळा ते योग्यच निघायचे.

तो चैत्र होता. त्या दिवसांत नागपूरहून एक हौशी मंडळी शनिवार-रविवारी आमच्या जंगलात यायची. सहा-सात जण, कोणी बँकेत, कोणी कॉलेजात. नागपूरच्या सदर बाजारातून घेतलेला मिलिटरीचा जुना तंबू, रॉकेलचा स्टोव्ह, पिशवीभर चिवडा, एवढ्या सामानावर नदीकाठी मुक्काम टाकायचे आणि दिवसभर पायी भटकायचे. पगार घेऊन जंगलात फिरायचा आम्हाला कंटाळा, आणि हे लोक सुट्टी खर्च करून यायचे, याचे ठाण्यात सगळ्यांनाच हसू येई. जमादार त्यांना 'चालत्या लोकायची पार्टी' म्हणायचा.

त्यांच्यातले सगळ्यांत जुने चालणारे म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर. पंचेचाळिशीचे, एकटे राहणारे. रविवारी पहाटे मंडळी झोपेत असताना ते एकटेच उजेड बघायला म्हणून टेकडीकडे गेले. नेहमीच जायचे आणि नऊच्या आत परतायचे. त्या दिवशी परतले नाहीत. बाकीच्यांनी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, आणि दुपार कलल्यावर दोघे जण घामाने भिजून ठाण्यात आले.

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद केली, वर्णन वायरलेसवर पाठवले. मंडळींचा म्होरक्या रामदासपेठेत राहणारा बँकेतला माणूस होता. पुन्हा पुन्हा तो एकच सांगत होता.

"साहेब, सर वाट चुकूच शकत नाहीत. खिशात कायम होकायंत्र असतं. आणि जिथे वाट फुटते तिथे ते तीन दगड रचून पुढे जातात, दोन खाली, एक वर. परतताना तीन दगड बघत यायचं. आमची सगळ्यांची तीच पद्धत आहे."

"मग तीन दगड शोधू," मी म्हटले. मला ते फार सोपे वाटले होते.

सोमवारी सकाळी खबर आली. जंगलालगतच्या गावात किराणा दुकान चालवणारा एक माणूस आमचा खबऱ्या होता. त्याने निरोप धाडला की पाड्यावरचा एक गोंड आपल्या ओसरीत बसून पोरासोरांना 'सुई हालणारं घड्याळ' दाखवतो आहे. आम्ही गेलो. पन्नाशीचा, काटक, शांत डोळ्यांचा गडी. मुक्कामाचे सामान नदीपर्यंत वाहून न्यायला मंडळी दर वेळी यालाच बोलावत. त्याच्या धोतराच्या कनवटीला पितळी होकायंत्र निघाले. म्होरक्याने ओळखले. पंचनामा केला, यंत्र मुद्देमालात जमा केले आणि त्याला ठाण्यात आणले.

माझ्या मनात प्रकरण तिथेच पूर्ण झाले होते. आता प्रेत कुठे आहे एवढेच काढायचे राहिले, असे मी धरून चाललो.

"हे कुठून आणलंस?"

"मास्तरनं देल्लं."

"का?"

"शनवारी संध्याकाळी म्हणे, हे तुयापाशी राहू दे गा. उद्या मले याच्याबिना चालून पाहाचं हाय."

खोटे बोलणारा माणूस निदान पटेल असे तरी बोलतो. जंगलात जाणारा शहाणासुरता मास्तर आपले होकायंत्र हमालाच्या हाती देईल आणि म्हणेल, आज मला याच्याशिवाय चालायचे आहे? मी आवाज चढवला. टेबलावर रूळ आपटला. एकदा हातही उचलला. तो खाली आणला, पण उचलला होता, हे लिहायला हवे. तो घाबरला नाही आणि चिडलाही नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत एकेक वाक्य सावकाश बोलत राहिला आणि मी ते जबाबात उतरवत गेलो. शेवटी म्हणाला, "मले सोडा साहेब. मी आणून देतो त्याले."

जमादार दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघून हसलो. सोडले की हा डोंगरापलीकडे मध्य प्रदेशात पसार होणार, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. जबाब वाचून दाखवला, अंगठा घेतला आणि त्याला कोठडीत घातले. अटक दाखवली नाही. 'चौकशीकामी थांबवून ठेवले' अशी नोंद त्या काळी करत असत. खरे सांगायचे तर मी तीही केली नाही. प्रेत मिळाले की सगळे एकदमच दाखवू, असा माझा हिशेब होता.

मग शोध सुरू झाला. आसपासच्या पाड्यांवरून तीस-चाळीस माणसे जमा केली, जंगल खात्याचे चार नाकेदार बरोबर घेतले, रांग करून रान विंचरायला लागलो.

ते दोन दिवस मला नीट क्रमाने आठवत नाहीत. त्या रानाने मला भुरळ घातली, असे म्हणालो तर वर्दीतल्या माणसाला शोभणार नाही, पण तसेच झाले. मंगळवारी आम्ही उजाडायच्या आधीच निघालो. तेव्हा मोह गळत असतो. वर एकही पान हलत नाही आणि फुले एकेक करून खाली येतात, टप, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप. झाडांखालचा पाचोळा जाळून बायकांनी जमीन साफ केलेली असते, तिचा धूर कमरेएवढ्या उंचीवर तरंगत असतो आणि त्या धुरात वाकलेल्या बाया टोपल्या भरत असतात. त्यांचे पाय दिसत नाहीत. बोलणे ऐकू येते, पण कुठून ते समजत नाही. एका झाडापाशी मी नुसताच किती वेळ उभा राहिलो मला ठाऊक नाही. जमादाराने खांद्याला हात लावला तेव्हा ऊन चांगले वर आले होते. माणूस मेलेला असेल असे समजून मी निघालो होतो आणि मला भूक लागत नव्हती, घाई होत नव्हती. वासाने म्हणा, झोप नसल्याने म्हणा, सगळे पाण्याखाली चालल्यासारखे वाटत होते.

तीन दगड मात्र कुठेच दिसेनात. म्होरक्या प्रत्येक फाट्यावर वाकून वाकून बघायचा. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी संध्याकाळी ठाण्यात परतलो तर कोठडीतून तोच आवाज आला, "साहेब, मिळाला का मास्तर?" मी तसाच माझ्या खोलीत गेलो. पहारेकऱ्याने सांगितले की त्याने भाकरीला हात लावलेला नाही.

बुधवारी सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी एका फाट्यावर दम खायला थांबलो. वाटेच्या कडेला दगडांचा गुडघाभर उंच ढीग होता, वर पळसाची एक ताजी डहाळी. जमादाराने चालता चालता जमिनीवरचा एक दगड उचलला, ढिगावर ठेवला आणि पुढे झाला. त्याच्या मागचा माणूस आला, त्यानेही ठेवला. त्याच्या मागच्यानेही. कोणी थांबले नाही, बोलले नाही. देवळासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, तसे ते होते.

"जमादार, हे काय करता?"

तो गोंधळला. आपण काही केले हेच त्याच्या ध्यानात नव्हते.

"हे होय? रिवाज हाय साहेब. वाटंत कोनाले वाघानं नेलं, कोनी बिमारीनं मेलं, का त्या जागी दगड मांडते. मंग येनाऱ्या-जानाऱ्यानं एक दगड ठेवाच लागते. नाई ठेवला तं तो आत्मा संग येते म्हणते."

"प्रत्येक ढिगावर?"

"हो जी. दोन दगड एकावर एक दिसले का आमचा हात थांबत नाई."

म्होरक्या खाली बसला होता, तो उठून उभा राहिला. माझ्याही डोक्यातले धुके त्याच क्षणी उतरले.

मास्तरांनी रविवारी पहाटे जाताना प्रत्येक फाट्यावर आपले तीन दगड मांडले होते. त्यांच्या पाठोपाठ त्याच वाटेने पाड्यांवरची माणसे मोह वेचायला निघाली. नवा ढीग दिसला. कोण बिचारा गेला असेल, असे म्हणून प्रत्येकाने श्रद्धेने एकेक दगड ठेवला. ऊन चढेपर्यंत तिनाचे वीस झाले, वर डहाळी आली. मास्तर परत फिरले तेव्हा त्यांची एकही खूण शिल्लक नव्हती. होते ते नुसते ढीग, काही त्यांचे, काही मेलेल्यांचे, सगळे सारखे. आणि होकायंत्र त्यांनी हौसेने देऊन टाकले होते.

याहून वाईट पुढे होते. दोन दिवस मी चाळीस माणसे घेऊन त्याच वाटांनी फिरत होतो. त्या चाळिसांनी प्रत्येक ढिगावर चाळीस दगड चढवले होते. शोध घेणारेच खुणा पुरत चालले होते, आणि त्यांच्या पुढे मी होतो.

"यातला जुना कोणता आणि नवा कोणता हे सांगेल असं कोणी आहे का?" मी विचारले.

माणसांनी एकमेकांकडे बघितले. जमादार जमिनीकडे बघत म्हणाला, "एक हाय साहेब. त्याचा आजा, पणजा याच रानात वाट दाखवत आले. त्याले एकेक ढीग ठाऊक हाय."

"कुठे आहे तो?"

"आपल्या कोठडीत."

जीपने ठाण्यात जाऊन यायला तास लागला. कुलूप उघडले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने उठून पागोटे बांधले. एवढेच विचारले, "पानी घेतलं का संग? मास्तर तहानला असन."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. तो पुढे चालला, अनवाणी, आम्ही मागे. प्रत्येक ढिगापाशी तो क्षणभर थांबायचा.

"हा माह्या मामाचा. वाघानं नेलता." पुढे जायचा. "हा एका लमाणाचा, बैलासंग गेला. हा बाईचा हाय, वाटंतच बाळंत झालती." पुढे. मग एका फाट्यावर थांबला, ढिगाभोवती एक चक्कर मारली, मान हलवली. "हा कोनाचाच नाई. हा मास्तरचा."

असे त्याने सात ढीग निवडले. आम्ही मेलेल्यांना ओलांडत एका जिवंत माणसाच्या मागे चाललो होतो. टेकडीच्या माथ्यावर मास्तरांचा शेवटचा ढीग मिळाला. तिथून तो परतीच्या वाटेला लागला आणि दुसऱ्याच फाट्यावर उभा राहिला.

"इथं चुकला. हा माह्या आज्याच्या वेळचा ढीग हाय, यानं आपला समजला."

त्या वाटेने फर्लांगभर खाली एक खोल नाला होता. त्याने काठावरून हाक दिली. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला खालून अगदी बारीक, जवळजवळ हसल्यासारखा आवाज आला.

मास्तर जिवंत होते. दरड ढासळून खाली पडले होते, डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता, हाड बाहेर आले होते. हाताच्या अंतरावर पाण्याचा झिरा होता आणि वर मोहाचे झाड. त्यांनी साडेतीन दिवस ते पाणी पिऊन आणि अंगावर गळलेली फुले खाऊन काढले होते. जखमेला वास सुटला होता, ताप होता. तो गडी पाठीवर त्यांना घेऊन नाला चढला. आम्ही चौघे होतो, पण त्याने कोणाला हात लावू दिला नाही.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांचा पाय कापावा लागला. डॉक्टरने माझ्याशी बोलताना सहज म्हटले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचवता आला असता." त्याला काय माहीत की तो कोणाशी बोलतो आहे.

आठवड्याने मी मास्तरांचा जबाब घ्यायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर मला न समजणारी प्रसन्नता होती.

"साहेब, पहिल्या दिवशी मी खूप हाका मारल्या," ते म्हणाले. "बायकांचं बोलणं ऐकू यायचं. नंतर कळलं की त्यांनीही माझा आवाज ऐकला होता, पण रानातून अनोळखी हाक आली तर ते लोक ओ देत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हाक मारायची राहूनच गेली. फूल पडायचं, मग मी पुढच्या फुलाची वाट बघायचो. इतकं शांत मी आयुष्यात कधी पडून नव्हतो. तिथेच राहिलो असतो तरी चाललं असतं, असंही एकदा वाटलं."

मग त्यांनी होकायंत्राचे विचारले. मी विचारले, ते तुम्ही स्वतः त्या हमालाला दिलेत का? तर तेच उत्तर, जे त्या गड्याने दिले होते. वीस वर्षे मुलांना दिशा शिकवल्या, एक दिवस दिशा न बघता चालावे असे वाटले, म्हणून दिले. मी वही मिटली. मला राहवेना. तो माणूस दोन दिवस माझ्या कोठडीत होता, पहिल्याच दिवशी तो तुम्हाला आणून देतो म्हणत होता आणि मी त्याला सोडले नाही, हे सगळे मी त्यांना सांगितले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मास्तरांनी आपल्या पांघरुणाकडे बघितले. जिथे पाय हवा होता तिथे ते सपाट होते.

"हे त्यांना सांगितलंत का?"

"कोणाला?"

"ज्यांना कोंडलं होतं त्यांना. माझ्याकडे काय मागता? आधी तिकडे जा."

मी दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. वर्दी घातली नव्हती, जीप गावाबाहेर ठेवली. तो अंगणात मोहफुले वाळत घालत होता. बायकोने खाट टाकली, मी बसलो नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केले. म्हणालो, "भाऊ, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होता."

तो हात न थांबवता फुले पसरत राहिला. रागाचा शब्द काढला नाही. निव्वळ झालेली गोष्ट सांगावी तसे म्हणाला, "मी सांगून राहिलो होतो साहेब. अन् तुमी लिहून राहिले होते."

ठाण्यात परतून मी त्याचा जबाब काढून वाचला. माझेच अक्षर, माझीच शुद्ध भाषा. पाचव्या ओळीवर होते: 'मास्तर फाट्यावर दगड मांडत जातात, आमचे लोक त्यांवर दगड घालतात, त्यात ते चुकले असतील. मला सोडल्यास मी त्यांना आणून देतो.' खाली त्याचा अंगठा, खाली माझी सही. सोमवार, सकाळची वेळ. सगळा तपास त्या कागदावर पूर्ण झाला होता आणि तो मी स्वतः लिहून, वाचून दाखवून, घडी घालून फायलीत ठेवला होता.

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी एक शिस्त पाळली. समोरचा माणूस बोलत असताना लेखणी हातात घ्यायची नाही. त्याचे पूर्ण ऐकायचे, आणि मगच कागद ओढायचा. नव्या पोरांनाही तेच शिकवले. त्यामुळे पुढे काही निरपराध माणसे सुटली आणि वरिष्ठांनी मला शाबासकीही दिली. प्रत्येक शाबासकीच्या वेळी मला मास्तरांचे ते सपाट पांघरूण दिसे. धडा मी शिकलो, पण पाय त्यांचा गेला.